पावसाळ्यात बिघडणारे बोर्ड आणि ‘पास’चा रिपोर्ट

प्रश्न : आम्ही दूध संकलन केंद्रांवरचे वजन-डिस्प्ले तयार करतो. एसएमडीचं (बोर्डाच्या पृष्ठभागावर बसणाऱ्या बारीक घटकांचं) काम बाहेरून करून घेतो; कीपॅडचा कनेक्टर, टर्मिनल, ट्रान्सफॉर्मर आमच्याकडे मुली हाताने सोल्डर करतात. नो-क्लीन, म्हणजे न धुता चालणारा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं द्रव्य) वापरतो, नंतर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि टूथब्रशने घासून पुसतो आणि वर अ‍ॅक्रिलिक कोटिंग मारतो. गेली दोन वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी, राधानगरी, गगनबावडा या भागांतून तक्रारी येतात. सकाळी बटण न दाबताच बीप वाजतो, वजन आपोआप शून्य होतं. दुपारी सगळं सुरळीत. बोर्ड परत मागवला तर आमच्याकडे दोष सापडत नाही. शेवटी एका लॅबकडून आयनिक स्वच्छतेची (बोर्डावर मिठासारखे वीज वाहणारे अवशेष किती उरले याची) ‘रोझ’ चाचणी करून घेतली. निकाल ०.४८ मायक्रोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, मर्यादा १.५६. म्हणजे बोर्ड स्वच्छ आहेत. मग दोष कुठे शोधायचा?
— एक लघुउद्योजक, सातपूर (नाशिक)

उत्तर : तुमच्या पत्रातल्या दोन शब्दांखाली मी रेघ मारली आहे, ‘सकाळी’ आणि ‘दुपारी’. सॉफ्टवेअर उकलत बसू नका, कीपॅडचा पुरवठादारही बदलू नका. कीपॅडच्या कनेक्टरखाली आणि त्याच्या आजूबाजूला राहून गेलेला फ्लक्स शोधा.

एवढं ठामपणे सांगते, कारण हे मी स्वतः भोगलं आहे. भोसरीच्या एका कारखान्यात मी २७ वर्षं प्रोसेस आणि क्वालिटीचं काम केलं. एका पावसाळ्यात कोकणातून पंप-कंट्रोलरचे आमचे बोर्ड परत यायला लागले. पार्सल उघडायचं, बोर्ड जोडायचा, की तो ठणठणीत. आठ-आठ दिवस टेबलावर चालवला तरी चालतच राहायचा. ‘दोष आढळला नाही’ असं लिहून आम्ही बोर्ड परत पाठवायचो आणि त्यातले बरेचसे पंधरा दिवसांत पुन्हा दारात. त्या कागदांवर सही माझी असायची, आणि ती गोष्ट मला आजही टोचते. एका संध्याकाळी कनेक्टरच्या दोन पिनांना मीटर लावून मी भिंगातून सांधे बघत होते. मीटर ‘ओपन’ दाखवत होता, म्हणजे पिनांमध्ये गळती नाही. माझा श्वास बोर्डावर पडला आणि आकडा एकदम तीन मेगओहमवर आला. दहा-पंधरा सेकंदांत पुन्हा ओपन. पुन्हा श्वास सोडला, पुन्हा तेच. बोर्ड कोकणातून पुण्याला येईपर्यंत वाळून जात होता, म्हणून आमच्या टेबलावर दोष दिसत नव्हता.

हे आजच करून बघा. पॉवर काढा, सर्किटमध्ये एकमेकींशी न जोडलेल्या शेजारच्या दोन पिना निवडा, साधा डिजिटल मीटर मेगओहमवर लावा आणि जवळून सावकाश, तोंड उघडं ठेवून ऊबदार श्वास सोडा. काच पुसताना सोडतो तसा. मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) मात्र लावू नका, त्याच्या मोठ्या व्होल्टेजने आयसी जातील. परत आलेला बोर्ड आणि नवाकोरा, दोन्हींवर करा. बोर्डाच्या वेगवेगळ्या भागांवर केलंत तर घाण कुठे आहे याचा नकाशाच हातात येईल.

आता कारण. आषाढात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते प्रत्येक घरात माहीत असतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच त्यात विरघळतं. त्याच्या खाली ते कोरडं असतं आणि कोरडं मीठ वीज वाहून नेत नाही. बोर्डावर हातांच्या घामातून आलेलं मीठ असतं आणि फ्लक्समधली सेंद्रिय आम्लं असतात. आम्लांचा स्वभाव सारखा नाही. अ‍ॅडिपिक आणि सक्सिनिक आम्ल जवळजवळ दव पडेपर्यंत कोरडं राहतं, ग्लुटारिक मात्र त्याच्या बरंच आधी पाणी धरतं. म्हणून ‘नो-क्लीन’ हा एकच शब्द छापलेल्या दोन बाटल्या पावसाळ्यात दोन तऱ्हेने वागतात.

तुमच्या केंद्रातली पहाट डोळ्यांपुढे आणा. रात्रभर खोका गार पडलेला. पाच वाजता कॅन धुतले जातात, फरशी ओली, वाफ सुटलेली, दार उघडं आणि बाहेर धो धो पाऊस. त्या गार बोर्डावर दमटपणा बसतो आणि त्याच क्षणी कोणीतरी स्विच लावतो. पाणी, आयन आणि व्होल्टेज, तिघं एकत्र आले. गळती सुरू होते. कीपॅडच्या रेषांना बहुतेक तुम्ही मोठ्या रोधाचे पुल-अप (बटण दाबलेलं नसताना रेषा ५ व्होल्टवर धरून ठेवणारे रोधक) लावले असतील. पुल-अप १ मेगओहमचा आणि गळतीही १ मेगओहमची असेल, तर ५ व्होल्टची रेषा अडीच व्होल्टवर येते आणि कंट्रोलरला वाटतं, बटण दाबलं. तासाभरात बोर्ड स्वतःच्या उष्णतेने वाळतो, ऊन येतं, बीप थांबतो.

हे रोज घडत राहिलं तर गोष्ट बीपवर थांबत नाही. धन बाजूचा धातू विरघळून आयन बनतो, ऋण बाजूकडे जातो आणि तिथे बसून उलट दिशेने फांद्या फुटल्यासारखा वाढत येतो. भिंगाखाली तो नेच्याच्या पानासारखा दिसतो. दोन पिनांमधलं अंतर ०.२ मिलिमीटर असेल तर ५ व्होल्टलाही तिथे दर सेंटिमीटरला २५० व्होल्टची ओढ असते. कमी व्होल्टेजचा बोर्ड म्हणून निर्धास्त राहू नये. फांदी पोचली की शॉर्ट, आणि तिच्यातून जास्त करंट गेला की ती जळून जाते. मग पुन्हा ‘दोष आढळला नाही’.

आता तुमच्या ०.४८ कडे येते. हा आकडा खोटा नाही. तो तुमच्या प्रश्नाचं उत्तर नाही, इतकंच. रोझ चाचणीत अख्खा बोर्ड ७५ टक्के आयपीए आणि २५ टक्के डीआय (आयन काढून टाकलेल्या) पाण्याच्या द्रावणात बुडवतात. बोर्डावरचे आयन द्रावणात उतरतात, द्रावणाचा विद्युतरोध कमी होतो, आणि तेवढा फरक पडायला किती मीठ लागलं असतं ते काढून बोर्डाच्या क्षेत्रफळाने भागतात. म्हणून एककात ‘मिठाच्या तोडीचे मायक्रोग्रॅम’ असं असतं. भागाकार झाला की जागा हरवली. तुमचा बोर्ड १० बाय १२ सेंटिमीटरचा आहे असं धरू. दोन्ही बाजू मिळून २४० चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण घाण सुमारे ११५ मायक्रोग्रॅम. त्यातली ८० जरी कीपॅडच्या कनेक्टरभोवतीच्या तीन चौरस सेंटिमीटरांत साठली असेल, तर तिथली पातळी २७ च्या आसपास जाते, तुमच्या मर्यादेच्या सतरा पट. हाताने सोल्डर केलेल्या बोर्डात घाण अशीच साठते. रिफ्लोतून (भट्टीत सोल्डर होऊन) आलेला बाकीचा बोर्ड स्वच्छ असतो आणि तो ही सगळी घाण सरासरीत झाकून टाकतो.

शिवाय लॅबला तुम्ही कोटिंगच्या आधीचा बोर्ड दिला होता की नंतरचा? कोटिंगखालचे आयन द्रावणात धड उतरत नाहीत. आणि तो बोर्ड रोजच्या लाइनवरचा होता की चाचणीला पाठवायचा म्हणून तुमच्या सर्वांत जुन्या, सर्वांत नीट काम करणाऱ्या मुलीकडून करून घेतलेला? हे मी आरोप म्हणून विचारत नाही. आमच्याकडेही तसंच व्हायचं.

आणि हा १.५६ आला कुठून, तेही सगळ्यांना सांगावंसं वाटतं, कारण तो वेदवाक्य मानला जातो. १९७० च्या दशकात अमेरिकेत इंडियानापोलिस इथल्या नौदलाच्या एव्हिऑनिक्स केंद्रात ही पद्धत तयार झाली. तेव्हा फ्लक्स राळेचा असायचा, बोर्ड सॉल्व्हंटने धुतलाच जायचा आणि घटक पायांवर उंच उभे असायचे. धुणं नीट झालं का, हे कारखान्यातच चटकन कळावं एवढाच हेतू. दर चौरस इंचाला १०.०६ मायक्रोग्रॅम, त्याचेच हे १.५६. पुढे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर धुण्याचे ते सीएफसी सॉल्व्हंट गेले, नो-क्लीन फ्लक्स आले, घटक बोर्डाला चिकटून बसायला लागले. आकडा मात्र तसाच राहिला. २०१८ मध्ये आयपीसी या इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाच्या संस्थेने जे-एसटीडी-००१ या सोल्डरिंगच्या मानकात दुरुस्ती करून ‘१.५६ च्या आत म्हणजे स्वीकार्य’ ही सरसकट सोय काढून टाकली. आपली प्रक्रिया आपल्या बोर्डावर सुरक्षित आहे याचा पुरावा आता उत्पादकाने द्यायचा आहे. तुमच्या रिपोर्टवर अजून तोच आकडा मर्यादा म्हणून छापला असेल, तर लॅबला तो कोणत्या आवृत्तीतून घेतला ते जरूर विचारा.

लाइनवर काय बदलाल? पहिली गोष्ट, टेबलावरची फ्लक्सची बाटली आणि ब्रश उचला. माझ्या मते तुमच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथे आहे. नो-क्लीन फ्लक्स पूर्ण तापला तरच निरुपद्रवी होतो. आम्लं बरीचशी खर्ची पडतात, उरलेली राळेत बंदिस्त होतात. ब्रशने लावलेला फ्लक्स पसरतो सेंटिमीटरभर आणि सोल्डरची इस्त्री टेकते दीड मिलिमीटरवर. उरलेला फ्लक्स कोमट होऊन कनेक्टरच्या खाली वाहतो आणि तिथे कच्चाच राहतो. आत फ्लक्स असलेली सोल्डर-तार वापरा, तेवढा फ्लक्स पुरतो. अगदीच लागला तर फ्लक्सचं पेन, एक ठिपका, आणि तो ठिपका पूर्ण तापवायचा.

दुसरी गोष्ट टूथब्रश. एक तर पूर्ण धुवा, नाहीतर अजिबात हात लावू नका. मधला मार्ग सर्वांत वाईट. आयपीएने घासलं की राळेचं कवच फुटतं, आम्लं मोकळी होतात, आणि ते द्रावण तुम्ही शेजारच्या पिनांवर आणि कनेक्टरच्या पोटाखाली ढकलता. बोर्ड चकचकीत दिसतो. डोळ्यांना दिसणारी घाण बहुधा राळेची असते आणि ती त्रास देत नाही. त्रास देते ती न दिसणारी. धुवायचंच ठरवलंत तर फ्लक्सला साजेसा क्लीनर, भरपूर डीआय पाण्याने खळबळणं, आणि कोटिंगआधी ओव्हनमध्ये पुरतं वाळवणं, तिन्ही हवं. बोअरच्या पाण्याने धुवू नका. त्यातलं क्लोराइड आणि सल्फेट तुम्ही स्वतःच्या हाताने बोर्डावर नेऊन ठेवाल.

कोटिंगवर विसंबू नका. अ‍ॅक्रिलिकमधून पाण्याची वाफ आत जाते. आत मीठ किंवा आम्ल असेल तर ती वाफ तिथेच पाणी होऊन साठते आणि कोटिंगला फोड येतात. परत आलेल्या बोर्डांवर कनेक्टरजवळ बारीक फोड किंवा पांढुरके डाग दिसतात का, भिंगाने पाहा.

पुल-अप १० किलोओहमवर आणलात तर १ मेगओहमच्या गळतीने रेषा जेमतेम एक टक्का हलेल आणि या श्रावणात बीप थांबेल. ते जरूर करा, कारण रांगेत किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाचं माप चुकतंय आणि त्याला थांबायला सांगता येत नाही. पण धातूच्या फांद्या त्याने थांबणार नाहीत.

आणि पैसे खर्च करायचे असतील तर पुन्हा रोझ करून घेऊ नका. आयन क्रोमॅटोग्राफी करून घ्या. बोर्ड किंवा कापलेला भाग स्वच्छ पिशवीत द्रावणासह ८० अंशांवर तासभर ठेवतात आणि उतरलेले आयन वेगवेगळे मोजतात. सोडियम आणि क्लोराइड जोडीने जास्त आलं तर बोटांचा घाम. सेंद्रिय आम्लं जास्त आली तर फ्लक्स कच्चा राहिला. सल्फेट दिसलं तर धुण्याचं पाणी किंवा पुठ्ठ्याची खोकी. ‘किती’पेक्षा ‘कोणतं’ कळलं की लाइनवर कुठे जायचं ते कळतं. लॅबला बजावून सांगा की कनेक्टरचा भाग वेगळा मोजा आणि उरलेला बोर्ड वेगळा.

प्रक्रिया बदलल्यावर तिची खरी परीक्षा एसआयआरची, म्हणजे दमट हवेत बोर्डाच्या पृष्ठभागाचा विद्युतरोध मोजण्याची. कंगव्याच्या दातांसारखे तांब्याचे नमुने असलेले बोर्ड तुमच्याच लाइनवर, तुमच्याच फ्लक्सने, तुमच्याच मुलींकडून करून घ्यायचे आणि ४० अंश तापमान, ९० टक्के आर्द्रतेत सात दिवस व्होल्टेजखाली ठेवायचे. रोध १०० मेगओहमच्या खाली उतरता कामा नये. गगनबावड्याची पहाट तुमच्या टेबलावर आणण्याचा यापेक्षा प्रामाणिक मार्ग मला माहीत नाही.

प्रश्न : मी मोबाइल आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतो. सोल्डर केल्यावर बोर्ड आयपीएने पुसला की पांढरा थर येतो. पुन्हा पुसला की पुन्हा येतो. आयपीए भेसळीचं आहे का?
— एक दुरुस्ती कारागीर, सावंतवाडी

उत्तर : आयपीए चांगलंही असू शकेल. नो-क्लीन फ्लक्सचा काही भाग आयपीएत विरघळतो, काही विरघळत नाही, आणि तो उरलेला पांढरा दिसतो. तुम्ही पुसता तेव्हा तो निघत नाही, पसरतो. आयपीए उडून जातं, पांढरं मागे राहतं. भरपूर ताजं आयपीए घालून बोर्ड तिरका धरा, घाण वाहून खाली टिश्यूवर जाऊ द्या आणि प्रत्येक वेळी टिश्यूचा नवा भाग घ्या. वाटीत ओतलेलं आयपीए दिवसभर वापरू नका. पाच-सहा बोर्डांनंतर ती वाटी फ्लक्सचीच झालेली असते. मेडिकलच्या दुकानातलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात इतर द्रव्यं मिसळलेली असतात. आणि सोल्डरची इस्त्री चालू असताना आयपीएची बाटली उघडी ठेवू नका, त्याची वाफ खोलीच्या तापमानालाही पेट घेते.

सावंतवाडीच्या हवेत इन्व्हर्टरच्या बोर्डावर पांढऱ्यासोबत हिरवट छटा दिसली तर मात्र तांबं खाल्लं जात असण्याची शंका घ्या. तिथे पुसून भागणार नाही.

प्रश्न : आमच्याकडे रोझचं यंत्र आहे. १.५६ ची मर्यादा गेली असं ऐकलं. मग यंत्र भंगारात काढायचं का? आणि सकाळी व संध्याकाळी एकाच बोर्डाचे आकडे वेगळे का येतात?
— क्वालिटी विभागातील वाचक, वेर्णा (गोवा)

उत्तर : यंत्र मुळीच काढू नका. बोर्ड वर्षानुवर्षं टिकेल का, हे ते सांगू शकत नाही; पण कालची प्रक्रिया आणि आजची प्रक्रिया सारखी आहे का, हे ते दहा-पंधरा मिनिटांत सांगतं. आधी एसआयआर आणि क्रोमॅटोग्राफीने प्रक्रिया चांगली असल्याची खात्री करा, मग त्याच प्रक्रियेचे वीस-पंचवीस बोर्ड आपल्या यंत्रात मोजा आणि त्यांचे आकडे आलेखावर मांडा. ती तुमची मर्यादा. एरवी ०.३ च्या आसपास येणारा बोर्ड एक दिवस ०.८ आला तर लाइन थांबवा, जुन्या हिशेबाने तो ‘पास’ असला तरी. दुसऱ्या कारखान्याच्या आकड्याशी तुलना करू नका. द्रावण टाकीत तसंच फिरवत मोजणारं यंत्र आणि सतत शुद्ध करत मोजणारं यंत्र एकाच बोर्डाला वेगळे आकडे देतात.

सकाळ-संध्याकाळच्या फरकाला मला तीन संशयित दिसतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड द्रावणात मिसळतो आणि तोही आयन देतो. चाचणी जितकी लांबेल तितका आकडा फुगतो, म्हणून वेळ नेहमी ठरलेली ठेवा आणि झाकण बंद. दुसरं, आयपीए उडून द्रावणाचं प्रमाण बदलतं. रोज सकाळी हायड्रोमीटरने तपासा आणि तापमानही लिहून ठेवा. तिसरं, एकच बोर्ड दुसऱ्यांदा मोजलात तर तो पहिल्या वेळी निम्मा धुतला गेलेला असतो, त्याची तुलनाच होत नाही. सुरुवातीला मोजलेलं मिठाचं द्रावण सुईने टाकून यंत्र खरं बोलतंय ना, ते बघा. ते पाऊल गाळायची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे.

आणि बोर्ड कडेने धरा, पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे घालून, दुपारच्या जेवणानंतर नवे. नमुना लॅबला पाठवायचा तर गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवीत घालू नका, तिच्यावरचं द्रव्य बोर्डाला लागतं आणि लॅब तेही मोजते. आयन चाचणीसाठीच्या स्वच्छ पिशव्या लॅबकडूनच मागवून घ्या, आणि एक रिकामी पिशवी न उघडता सोबत परत पाठवा, म्हणजे पिशवीचे आयन किती आणि बोर्डाचे किती ते त्यांना वेगळं काढता येईल.